गिनीपुढचं उणे चिन्ह

गिनी निर्देशांक, म्हणजे उत्पन्नातल्या विषमतेचं माप, वाढला की माणशी कार्बन उत्सर्जन घटतं, असं आमच्या रिग्रेशनमधून (आकड्यांमधलं नातं मोजायच्या संख्याशास्त्रीय पद्धतीतून) निघालं. ते नातं सांगणाऱ्या सहगुणकापुढे चक्क उणे चिन्ह. वरिष्ठ खूश. “अहवालाचं शीर्षक मिळालं,” म्हणाले. आकडा दिसला की शीर्षक शोधायची ही घाई मला कधीच पटली नाही.

चिन्हात गणिताची चूक नव्हती. रॅव्हेलियन, हाइल आणि जलान या अर्थतज्ज्ञांनीही 2000 साली असंच काहीसं मांडलं होतं. गरीब घरात जास्तीचा पैसा आला की तो आधी दिवा, पंखा, गॅस, दुचाकी यांत जातो. श्रीमंताची वाढीव कमाई बरीचशी बचतीत पडते. विषमता वाढली की गरीब घरात तो पैसा येतच नाही. म्हणजे त्या उण्यात पंखा नसलेली घरं होती.

म्हणून मी सर्वेक्षणाची मूळ पत्रकं उघडली. एका घरात सात माणसं. वीज नाही. चूल लाकडावर, आमच्या पद्धतीत लाकूड पुन्हा उगवतं असं धरून त्याचं उत्सर्जन 0. रॉकेल महिन्याला 2 लिटर, लिटरला अडीच किलोच्या हिशेबाने 5 किलो कार्बन डायऑक्साइड. अख्ख्या घराचे महिन्याचे 5 किलो! चुलीच्या धुरासाठी पत्रकात रकानाच नाही. मोटारीच्या टाकीत 40 लिटर पेट्रोल भरलं तर 92 किलो होतात, या घराचं दीड वर्षाचं रॉकेल.

मग वरचा दशमक, म्हणजे सर्वात श्रीमंत 10 टक्के घरं, पाहिला. शेरे एकसारखे: ‘घर बंद’, ‘भेट नाकारली’. त्यांच्या जागी शेजारचं, दार उघडणारं घर घेतलेलं. सर्वेक्षकांना दोष देणार नाही, फाटकावरून परतवलं तर ते तरी काय करतील? पण 2019 साली जगातल्या वरच्या 10 टक्के लोकांच्या वाट्याला सुमारे 48 टक्के उत्सर्जन होतं आणि खालच्या निम्म्यांच्या वाट्याला जेमतेम 12. ज्यांचं सर्वात जास्त, तेच आमच्या नमुन्यातून गळाले होते.

प्राप्तिकराच्या आकड्यांवरून वरचा दशमक दुरुस्त केला, रात्री उशिरा पुन्हा रिग्रेशन चालवलं. चिन्ह उणेच राहिलं, पण त्रुटीच्या पट्ट्यात आता शून्यही बसत होतं, म्हणजे असं नातं आहे हे खात्रीने म्हणता येत नव्हतं. वरिष्ठांनी कुरकुरत शीर्षक बदललं.

त्या घराचे 5 किलो मात्र तसेच आहेत. ते वाढायला हवेत, आणि उत्सर्जन घटवायच्या अहवालात हे कोणत्या प्रकरणात लिहायचं, ते मला अजून सापडलेलं नाही.