लाल वही

रविवार, रात्रीचे साडेबारा

आत्ताच उद्यमनगरातल्या वर्कशॉपवरनं घरी आलोय, कपड्यांना अजून ऑइलचा वास येतोय, झोप काय लागणार नाही म्हणून लिहायला बसलो. आज मोठ्याबरोबरची शेवटची प्रॅक्टिस होती. आमच्या बँडमध्ये दोन रॅपर, एक मोठा एक धाकटा, सगळे तसंच हाक मारतात. मोठा उद्या संध्याकाळी पुण्याला चाललाय, चाकणला कंपनीत लागलाय, रूम पण बघून झाली. गेल्या महिन्यात रंकाळ्यावर बसलो होतो तेव्हा सांगितलं त्यानं, "भावा, आईचं डायलिसिस सुरू झालंय, आता महिन्याला पगार पायजे." यावर कोण काय बोलणार. मी म्हटलं जा गा बिनधास्त, आणि घरी येऊन रात्रभर जागा होतो.

बँडचा हिशोब माझ्याकडं असतो, २०१६ पासनं. लाल पुठ्ठ्याची वही आहे, किराणा दुकानात असती तसली. आज तो म्हणाला वही घेऊन ये, एकदा सगळं बघू. मग प्रॅक्टिस राहिली बाजूला आणि आम्ही चौघं वर्कशॉपच्या माळ्यावर पालथी मांडी घालून दोन तास वही वाचत बसलो.

पहिल्या पानावर वर्गणी, चौघांचे प्रत्येकी १५० रुपये. मग जुनं साउंड कार्ड ३,२०० ला. मग मायकची वायर ४५०. ती वायर अजून तीच आहे, जॅकपाशी टेप गुंडाळून गुंडाळून जाड झालीय, मोठ्याच्याच बाजूला असती आणि जोरात हललं की कर्र करते. त्याच्या पुढं पानंच्या पानं पेट्रोल, वडापाव, चहा, साउंडवाल्याला अॅडव्हान्स. लोक विचारतात बँडचं करिअर कसं चाललंय, तर ते असं चाललंय, पेट्रोल लिहिलेलं असलं की समजायचं त्या दिवशी कुठंतरी वाजवलंय.

पहिली कमाई २,००० रुपये, शिवाजी पेठेतल्या एका मंडळाच्या गणपतीत. मी ढोलकी आणि पॅड वाजवतो, चौथा बेस. त्या दिवशी पोरं नाचायचं गाणं लावा म्हणून ओरडत होती, मी घाबरून ढोलकीवर पोवाड्याचा ठेका धरला, दुसरं काय सुचलंच नाही. आमच्या आजोबांकडं शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या कॅसेट होत्या, लहानपणापासनं ते कानात बसलेलं. मोठ्यानं त्याच ठेक्यावर आपला रॅप सोडला आणि धाकटा मागनं प्रत्येक ओळीचा शेवट उचलायला लागला, म्हणजे शाहिराच्या मागं झीलकरी उभे असतात ना, अगदी तसं. रॅपमध्ये त्याला हाइप मॅन म्हणतात हे आम्हाला नंतर कळलं. स्टेजवरनं उतरल्यावर तालमीतले एक म्हातारे काका आले, मोठ्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "हे तर आपलंच हाय की रं, फकस्त डफ न्हाई." त्या दिवसापासनं आम्ही ठरवलं की मुंबईची नक्कल करायची नाही, कोल्हापूरचं बोलणं आहे तसं गाण्यात येऊ दे. त्याच्या आधी मुंबईच्या स्वदेशी नावाच्या रॅप ग्रुपमधल्या एमसी मवालीला मराठीत रॅप करताना ऐकलं होतं, तेव्हाच खरं तर डोक्यात दिवा लागला होता की अरे हे आपल्या भाषेत होतंय.

काही पानांवर लाल पेनानं गोल आहेत, ती न आलेली येणी. एका कॉलेजनं गॅदरिंगचे ७,००० अजून दिलेले नाहीत, सर बदलले, प्राचार्य बदलले, आम्ही फोन करायचं सोडलं. ते पान बघितलं की मला आजही राग येतो, कारण त्या शोला बेसवाला १०२ ताप घेऊन उभा होता.

आणि मग ते कॉन्ट्रॅक्टचं पान. एका म्युझिक कंपनीनं सहा गाण्यांचे एकरकमी ८०,००० देतो म्हणून सांगितलं होतं, त्या वेळी ८०,००० म्हणजे आम्हाला लई मोठी रक्कम. ओळखीच्या वकील ताईंनी कागद वाचून समजावलं. २०१२ ला कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, त्यामुळं गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून देता येत नाही, पण मास्टर रेकॉर्डिंग, म्हणजे गाण्याचं मूळ रेकॉर्डिंग, एकदा विकलं की विकलं, ते गाणं परत कुठं टाकायचं, कुणाला द्यायचं, त्यात आपलं काही चालत नाही. मोठा म्हणाला नको. बाकीचे तिघं हो म्हणत होतो, मी सगळ्यात जास्त, कारण वही माझ्याकडं होती आणि त्यात उधारी दिसत होती. तो एकटा अडून बसला आणि आम्ही सही केली नाही. आज त्याच्याच घरात पैशाची गरज आहे, आणि तरी मला वाटतं तो बरोबर होता. ती सहा गाणी आज आमची आहेत, हे मला फार मोठं वाटतं. महिन्याला त्यातनं येतं ते थोडंच, आणि स्पॉटिफायनं २०२४ पासनं नियम केलाय की वर्षभरात १,००० वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याला काहीच नाही, आमची दोन गाणी त्यात अडकली. पण गाणी आमची आहेत.

२०२४ च्या ऑगस्टमधलं एक पान आहे, त्यावर फक्त तारीख, ८. त्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळलं. शाहू महाराजांनी बांधलेलं, आम्ही तिथं वाजवायचं म्हणून दोन वर्षं पैसे साठवत होतो. खासबागेच्या बाजूला गर्दीत उभं राहून बघितलं, धाकटा रडत होता. घरी येऊन वही उघडली आणि तारखेच्या पुढं काय लिहू समजेना, ते तसंच राहिलं.

वाचताना मधेच बेसवाल्यानं विचारलं, मग आता बँड संपला का. कुणीच बोललं नाही. मला सारखा अमेरिकेतल्या द रूट्स बँडचा रॅपर मलिक बी आठवत होता. फिलाडेल्फियाचा बँड, शाळेतल्या दोन पोरांनी १९८७ ला सुरू केला, ब्लॅक थॉट आणि क्वेस्टलव्ह, रस्त्यावर वाजवत होते, पहिला अल्बम १९९३ ला स्वतःचा स्वतः काढला. हिपहॉपमध्ये खरीखुरी वाद्यं घेऊन उभे राहिले म्हणून ते आम्हाला पहिल्यापासनं जवळचे. ग्रॅमी मिळाला २००० साली, म्हणजे तेरा वर्षं गेली मधे. मलिक बी पहिल्या अल्बमपासनं होता, १९९९ नंतर बाहेर पडला, आणि २००६ च्या अल्बमवर पाहुणा म्हणून परत येऊन रॅप करून गेला. २०२० ला वारला तो. मी हे मोठ्याला सांगितलं, २००६ पर्यंतचं. तो म्हणाला, "म्हणजे मला सात वर्षांनी बोलवणार व्हय?" मी म्हटलं दिवाळीला ये की रं.

वहीत शिल्लक ४,३१० निघाली. चौघांत वाटली तर १,०७७ आणि वर आठ आणे. मी त्याचे मोजून समोर ठेवले, त्यानं परत ढकलले, म्हणाला आधी ती वायर बदल.

मग वाकळांच्या मागं उभा राहिला. आमचं रेकॉर्डिंगचं बूथ म्हणजे दोरीवर टाकलेल्या आजीच्या चार वाकळा, एकीवर हिरव्या लुगड्याचा तुकडा आहे, रॅप करताना तो त्याच तुकड्याकडं बघतो, त्याला स्वतःला ते माहीत नसेल. अर्धवट राहिलेल्या दोन गाण्यांतली त्याची कडवी घेतली. पहिलं एका दमात झालं. दुसऱ्यात आईची ओळ आहे, तिथं त्याचा श्वास तुटला आणि नेमकी तिथंच वायर कर्र झाली. परत घेऊया म्हटलं तर खालनं मालक शटर ओढायला आले होते.

त्याची गाडी साडेपाचची आहे. दहाला दुकान उघडलं की वायर आणतो, बारापर्यंत माळ्यावर या म्हणून तिघांना मेसेज टाकलाय. दोघांचे अंगठे आले. मोठ्यानं लिहिलंय, अकरालाच येतो.