जनसुनावणीहून आल्यावर

आज प्लास्टिक कचरा प्रकल्पाच्या जनसुनावणीला गेले होते. हॉल खच्चून भरलेला, माईक मधूनच किंचाळणारा. कंपनीच्या माणसाने स्लाइडवर झाडंच झाडं दाखवली. मागच्या रांगेतल्या एक मावशी उठल्या, "झाडं राहू द्या साहेब, धुराड्यातून काय निघणार ते सांगा." साहेब पाणी प्यायले.

प्रश्न रास्तच होता. प्लास्टिक हवेशिवाय ४००-५०० अंशांवर तापवून तेल काढणार म्हणे. पण त्यात पीव्हीसी, म्हणजे पाइप-वायरचं प्लास्टिक, मिसळलं तर? त्याच्या वजनात ५७ टक्क्यांच्या आसपास क्लोरीनच असतं. तापलं की हायड्रोजन क्लोराइड हा झोंबणारा आम्लवायू, अर्धवट जळलं तर डायॉक्सिन हे जहाल विष. म्हणजे सगळी भिस्त वर्गीकरणावर. ते कोण करणार, चिमणीवरची मोजमापं आम्हाला रोज बघायला मिळणार का? "नियमानुसार होईल." बस, एवढंच उत्तर.

"कुठेच नको" म्हणणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही. कचरा आपलाच, आणि उघड्यावर जळतो तेव्हा त्या धुराला कसलीच गाळणी नसते. पण वस्तीला खेटून, असल्या मोघम कागदांवर? नाही. लेखी हरकत दिली. पोच मागितली तर टेबलावरचा म्हणतो, "कशाला हवी?" शिक्क्यासकट घेतली.