पॅरिसमधला सेमिनार आणि तुर्की वकील – माझा अनुभव

एमएला पॅरिसमध्ये होते तेव्हाची गोष्ट. सेमिनारच्या विषयांची यादी फिरत फिरत माझ्याकडे आली तोवर सोपे विषय सगळे पळवलेले, उरला काय तर १७२१ ला आलेला उस्मानी (म्हणजे तुर्की सुलतानाचा) वकील, आजच्या भाषेत राजदूत, मेहमेद चेलेबी. वीस मिनिटं बोलायचं आणि ते पण फ्रेंचमधून! पहिले दोन आठवडे मी नुसत्या तारखा उतरवत बसले.

मग त्याने स्वतः लिहिलेला अहवाल फ्रेंच भाषांतरात हाती लागला आणि गाडी रुळावर आली. माणूस १७२० च्या नोव्हेंबरात दक्षिण फ्रान्समधल्या तुलाँ बंदरात पोचला तर मार्सेयला प्लेग, म्हणजे आधी क्वारंटाइन (आपण कोरोनात चौदा दिवसांत रडकुंडीला आलो होतो, याचे जवळपास चाळीस), मग कालव्यातून बोटीने तुलूझ, पुढे बोर्दो, असं करत मार्चमध्ये पॅरिस. राहण्याखाण्याची सोय यजमानाकडे. आपल्याकडे दरबारात आलेल्या वकिलाला शिधा मिळायचा ना, तसंच, हे एकदा डोक्यात बसल्यावर बाकीचं भराभर कळत गेलं.

खरी गंमत फ्रान्सचा राजा पंधरावा लुई. अकरा वर्षांचं पोर! २१ मार्चला त्वीलरी राजवाड्यात रीतसर भेट झाली ती वेगळीच, पण नंतर एकदा त्याचे पालक मार्शल विलरुआ वकिलासमोर राजाला चक्क चालून दाखवायला लावतात. वाचताना मला पूर्वीचा मुलगी बघायचा कार्यक्रमच आठवला, फक्त पोहे नव्हते. उलट वकील जेवायला बसला की त्याला बघायला बायकांची झुंबड. त्याला अवघडायचं, पण इथे राजाचं जेवणसुद्धा लोक बघतात म्हटल्यावर बिचाऱ्याने चालवून घेतलं. म्हणजे पाहुणचार कसला, दोन्हीकडून बघाबघीच, आणि मी तेच मांडायचं ठरवलं.

प्रेझेंटेशनच्या दिवशी सुरुवातीलाच त-त-प-प झालं. चेलेबीला 'यिर्मिसेकिझ' म्हणजे अठ्ठावीस का म्हणायचे, तर तो जॅनिसरींच्या, म्हणजे सुलतानाच्या खास पायदळाच्या, २८ व्या पलटणीत होता, हे सांगितल्यावर वर्ग जरा हसला आणि मला सूर सापडला. मग सरांनी १६६९ च्या आधीच्या तुर्की वकिलाचं विचारलं. तो वकील, सुलेमान आगा, याचं म्हणणं होतं की चौदाव्या लुईने सुलतानाचं पत्र उभं राहून घ्यावं, आणि लुई काही उठला नाही. नशीब, तेवढं वाचलेलं होतं.

नंतर र्‍यू द तुर्नों या रस्त्यावर जाऊन चेलेबी उतरला होता तो वाडा पण बघून आले, आता तिथे गार्डांची बराक आहे त्यामुळे बाहेरूनच. मार्क पडले वीसपैकी चौदा. तिकडे हे चांगले धरतात, पण आईला फोनवर सत्तर टक्के असंच सांगितलं.