एअरप्लेन रिजला जायचं तर ग्रीन व्हॅलीकडून चढू नका

‘सोपी वाट, अडीच तास, लहान मुलांनाही जमेल.’ ट्रेकच्या ॲपवर एअरप्लेन रिजबद्दल हे वाचून आम्ही निघालो आणि पाच तासांनी गाडीपाशी परतलो तेव्हा बाटलीत पाण्याचा थेंब नव्हता. ज्यानं कुणी हे लिहिलंय तो मे महिन्यात त्या बाजूनं चढलेला नाही, एवढं मी खात्रीनं सांगतो.

कॅलिफोर्नियातलं सॅन डिएगो हे बंदराचं आणि नौदलाचं शहर. विमानं इथं सदैव डोक्यावर. या परिसरात विमानं कुठं कुठं कोसळली त्या जागा स्वतः जाऊन बघायच्या, असं बरेच दिवस मनात होतं. भारतातून मावसभाऊ आला आणि मुहूर्त लागला.

पहिली जागा हीच, क्वियामाकाच्या डोंगरातली एअरप्लेन रिज. 7 डिसेंबर 1922 रोजी सॅन डिएगोतल्या नॉर्थ आयलंडच्या रॉकवेल फील्ड या विमानतळावरून लष्कराचं एक डीएच-4 विमान ॲरिझोनातल्या फोर्ट वाचुकाकडे निघालं. वैमानिक लेफ्टनंट वेबर, मागच्या सीटवर कर्नल मार्शल. ते पोचलंच नाही. मोठी शोधमोहीम झाली, पण अवशेष सापडले ते थेट मे 1923 मध्ये, आणि तेही विमानतळापासून जेमतेम अर्ध्या तासाच्या उड्डाणावर. त्याच विमानाचं लिबर्टी इंजिन जागेवरच चौथऱ्यावर बसवून स्मारक केलंय. शंभर वर्षं ते उघड्यावर उभं आहे.

आता वाटेचं. ॲपनं आम्हाला ग्रीन व्हॅलीच्या बाजूनं, म्हणजे दक्षिणेकडून चढवलं. सुरुवात बरी आहे. मग मॉन्युमेंट ट्रेलची चढण लागते आणि तिथं सगळं बिघडतं. पायाखाली ग्रॅनाइटची कुजलेली, साखरेसारखी सुटी खडी. एक पाऊल वर टाकावं तर अर्धं खाली येतं. 2003 च्या ‘सीडर’ नावाच्या वणव्यात इथलं जंगल जळलं, त्यामुळं मोठ्या झाडांची सावली जवळपास नाहीच, आणि त्या जागी माजलेली झुडपं दोन्ही बाजूंनी वाटेवर वाकलेली. हाफ पॅन्ट घातली होती त्या भावाच्या पोटऱ्यांवर ओरखड्यांची जाळी झाली. अकरा वाजता तो खाली बसला आणि म्हणाला, “दादा, तू हो पुढं, मी इथंच थांबतो.” मी त्याला थांबू दिलं नाही. पण तेव्हाच परत फिरायला हवं होतं असं आज वाटतं, कारण आमच्याकडं दोघांत मिळून तीन लिटर पाणी होतं आणि त्यातलं दोन संपलं होतं.

तुम्ही जाणार असाल तर हायवे 79 वर आणखी उत्तरेला जा आणि वेस्ट मेसाच्या फायर रोडनं या. आम्ही घरी येऊन नकाशा नीट पाहिला तेव्हा कळलं. आठ दिवसांनी मी एकटा त्या बाजूनं पुन्हा गेलो. रुंद रस्ता, बेताचा चढ, काही त्रास नाही. माणशी तीन लिटर पाणी, पूर्ण बाह्या, पूर्ण पॅन्ट. पॉइझन ओक या तीन पानांच्या, अंगाला खाज आणणाऱ्या झुडपाला हात लावू नका. फोनला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका, नकाशा आधी उतरवून घ्या.

आणि तरीही जाच. झुडपांतून वर आल्यावर ते इंजिन एकदम समोर येतं. बारा सिलिंडर, सहा-सहाच्या दोन रांगांत, व्ही अक्षरासारखे. लोखंड गंजून विटेच्या रंगाचं झालंय. मी एका सिलिंडरवर तळहात ठेवला, उन्हानं तापलेलं होतं. दोन सिलिंडरांच्या फटीतून एक सरडा बाहेर आला आणि तिथंच बसून राहिला. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. पाय दुखायचे थांबले होते, खरंच.

दुसरी जागा ओटाय डोंगर, मेक्सिकोच्या सीमेलगत. 16 मार्च 1991 च्या मध्यरात्रीनंतर जवळच्या ब्राउन फील्ड विमानतळावरून उडालेलं छोटं जेट या डोंगरावर आदळलं आणि गायिका रीबा मॅकएंटायरच्या वाद्यवृंदातल्या सात जणांसह दहा जण गेले. अंधारात 3,000 फुटांच्या आत राहून उडायचं ठरलं होतं, आणि डोंगर 3,566 फूट. ऑक्टोबर 2004 मध्ये त्याच विमानतळावरून, तसंच रात्री उडालेलं रुग्णवाहिका-जेट त्याच डोंगरावर आदळलं, पाच जण गेले. तेरा वर्षांत तीच चूक पुन्हा व्हावी, याचा मला अजूनही संताप येतो. डोंगरावर मात्र पायी जाऊन हाती काही लागत नाही. कच्चा रस्ता लांबलचक, धूळ, सीमा गस्तीच्या गाड्या. ब्राउन फील्डच्या रस्त्यावर थांबून पूर्वेकडं बघा, धावपट्टी आणि डोंगर एका नजरेत येतात. तेवढं पुरे.

तिसरी जागा शहरातच. नॉर्थ पार्क या वस्तीत, ड्वाइट आणि नाइल या रस्त्यांच्या चौकाजवळ, 25 सप्टेंबर 1978 रोजी पीएसए या विमान कंपनीचं बोइंग 727 एका छोट्या सेस्ना विमानाला धडकून कोसळलं. 144 माणसं गेली, त्यांतली सात जमिनीवरची. आज तिथं साधी घरं आहेत, अंगणात सायकली पडलेल्या. गाडी लांब लावा, चालत जा आणि कुणाच्या घराचे फोटो काढू नका. स्मृतिफलक पाहायचा असेल तर बाल्बोआ पार्कमधल्या हवाई व अवकाश संग्रहालयात जा.