टेंपेचा गाभा जमला, नागपूरच्या मे महिन्यात!

मंडळी, टेंपे जमलं. टेंपे म्हणजे शिजवलेल्या सोयाबीनची, बुरशीच्या पांढऱ्या जाळ्याने घट्ट बांधलेली, इंडोनेशियातल्या जावा बेटाकडची वडी. कडा तर आधीही जमत होत्या, आज मधलं जमलं. सकाळी वडी आडवी कापली तर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग पांढरं जाळं. सोयाबीनची प्रत्येक डाळिंबी चिक्कीतल्या दाण्यासारखी घट्ट रुतलेली, पातळ काप उचलला तरी एक दाणा सुटला नाही. वास ताज्या अळंब्यांचा. बाहेर पारा 44 वर होता, म्हणून आनंद जास्त.

मागची नोंद वाचलेल्यांना दुखणं माहीत आहे. हिवाळ्यात थर्माकोलच्या पेटीत गरम पाण्याची बाटली ठेवून वड्या नीट निघत होत्या. मार्च सरला आणि सगळं बिनसलं. वडी वरून देखणी, पण सुरी आत गेली की मध्ये तपकिरी, चिकट, तार सुटणारा गर आणि अमोनियाचा भपका. अशी वडी चाखूनही बघू नका, थेट कंपोस्टमध्ये टाका. बाहेरचा पांढरा भाग चांगला दिसतो म्हणून तेवढा कापून घ्यायचा मोहही नको.

त्या चिकटपणाचा मालक कोण, हे एकदा कळलं की पुढचं सोपं जातं. टेंपे घडवते ती ऱ्हायझोपस ऑलिगोस्पोरस नावाची बुरशी. तिला 30 अंशांच्या आसपास सुखाचं वाटतं आणि चाळिशी ओलांडली की ती थकते. ती थकली की उष्णता आणि ओल दोन्ही आवडणारे बॅसिलस जातीचे जिवाणू घर बळकावतात. जपानचं नात्तो, सिक्कीम-दार्जिलिंगकडचं किनेमा, नागालँडचं आखुनी हे सगळे सोयाबीनचे पदार्थ बॅसिलसच घडवतो, तिथे तार सुटणं हीच खूण. पण ते पदार्थ मुद्दाम, त्यांच्या रीतीने केलेले असतात. टेंपेच्या पोटात आपोआप झालेला चिकटा वेगळा, त्यात आणखी कोण कोण शिरलंय ते सांगता येत नाही.

आता मूळ गोष्ट. पेटीतली हवा मी 31 वर धरून होतो, मग आतला भाग का बिघडत होता? कारण वडी स्वतःच तापते. बुरशी वाढायला लागली की श्वसन करते आणि त्यातून उष्णता सुटते. पहिले बारा तास काहीच जाणवत नाही, उलट आपणच तिला ऊब द्यायची. त्यानंतर मात्र उलटं होतं, वडी पेटीला ऊब देऊ लागते. हे वाचून माहीत होतं, पण आकडे डोळ्यांसमोर नव्हते. यावेळी तारेचा थर्मामीटर वडीच्या अगदी मध्ये खुपसून ठेवला आणि चित्र उघडं पडलं.

विरजण, म्हणजे बुरशीची पूड, रात्री आठला लावलेल्या वडीची ही गोष्ट. सकाळी आठला आत 31, पेटीतही 31. दहाला आत 34. बाराला 37, झाकण उघडून टाकलं. दुपारी तीनला, म्हणजे खोलीतला कूलरही हात टेकतो तेव्हा, खोली 33 आणि वडीचं पोट 44. बुरशीच्या जोराची वेळ आणि नागपूरच्या उन्हाच्या जोराची वेळ नेमकी एकावर एक येत होती! पुस्तकी कृतींत 'रात्री लावा, परवा सकाळी काढा' असं असतं. ते थंड देशांतल्या स्वयंपाकघरासाठी ठीक. जावा बेटावर वर्षभर दिवसा तिशीच्या आसपास, रात्री त्याहून गार आणि दमट. तिथे दुपारचे तीन हे संकट नाही. आपल्याकडे आहे.

म्हणून सगळं वेळापत्रक उलटं फिरवलं. सोयाबीन संध्याकाळी भिजत घातलं, पहाटे शिजवलं, सकाळी नऊला विरजण लावलं. दिवसभराची उष्णता बुरशीला सुरुवातीला हवीच असते, ती फुकट मिळाली. पेटी नाही, बाटली नाही, कूलरच्या खोलीत कोपऱ्यात ताट, वर सुती फडकं. रात्री अकराच्या पुढे वडीचं पोट तापायला लागलं तेव्हा खोली 27 वर आली होती. वड्या जाळीवर एकमेकींपासून चार बोटं दूर ठेवल्या, खालून-वरून वारा खेळता. पहाटे चारला आतला सर्वांत मोठा आकडा दिसला: 36. त्याच्या वर गेलाच नाही. सकाळी सातपर्यंत वडी जाळ्याने भरून आली होती. दहाला कापलं.

जाडीही बदलली. पिशवीतली वडी मी दोन बोटांहून जाड करत होतो, आता अडीच सेंटिमीटरच्या वर जायचं नाही. उष्णता बाहेर पडायला वाटच तेवढी. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांना हे सोपं वाटेल, पण मला विचाराल तर मे महिन्यात कूलरच बरा. एसी हवा कोरडी करतो, कूलर ओल देतो. फक्त कूलरचा झोत थेट वडीवर नको. वरचा थर वाळतो, आणि गवताच्या टट्ट्यांवरून येणाऱ्या हवेत कसले बीजाणू असतील ते आपल्याला कळत नाही. फडकं म्हणूनच.

थर्मामीटरबद्दल दोन शब्द. काडीसारखा खुपसायचा स्वस्त थर्मामीटर प्रत्येक वेळी वडी उघडायला लावतो, तो घेऊ नका. तार असलेला घ्या, पडदा बाहेर राहतो. घेतला की आधी तपासा: बर्फाच्या पाण्यात 0 दाखवायला हवा, उकळत्या पाण्यात 99. नागपूर समुद्रसपाटीपासून 300 मीटरच्या थोडं वर आहे, त्यामुळे इथे 100 नाही. माझा दोन अंश जास्त दाखवतो, वरचे आकडे ते वजा करून दिले आहेत.

सोयाबीनची तयारी. इतवारीतल्या धान्याच्या दुकानातून खायचं सोयाबीन घ्या, कृषी केंद्रातलं बियाणं चुकूनही नको. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते खाण्यालायक नाही आणि त्यावर टेंपेची बुरशीही धरणार नाही. साल काढायला मी आजीचं जातं वापरतो, वरची तळी किंचित उचलून धरली की दाणा फुटतो, पीठ होत नाही. सूप धरून पाखडलं की बरंचसं साल उडतं, उरलेलं भिजवल्यावर पाण्यावर तरंगतं. गिरणीत भरडून देणारे फार कमी, सोयाबीनचा वास पुढच्या घाण्याला लागतो म्हणून ते नाही म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. अर्धा किलो डाळीला शेवटच्या उकळीत चार चमचे व्हिनेगर. मे महिन्यात भिजवलेलं पाणी रात्रीतून आपणच आंबट होऊन फेसाळतं, तरी मी व्हिनेगर सोडत नाही. आंबटपणा असला की बॅसिलसला सुरुवातच करता येत नाही. शिजलेली डाळ पंख्याखाली पसरली की एरवी अर्धा तास लागतो, सध्या दहा मिनिटांत कोरडी. लक्ष ठेवा, फार वाळली तर जाळं धरत नाही.

विरजणाचं मात्र दुखणं आहे. बांडुंगचं रॅप्रिमा नावाचं विरजण जवळ होतं तोवर काळजी नव्हती, किलोभर कोरड्या सोयाबीनला 2 ग्रॅम पुरतं. ते संपलं. इथल्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलं तर पाकिटावर ना तयार केल्याची तारीख ना बुरशीचं नाव, आणि आलं ते भर दुपारी, तापलेल्या गाडीतून. अर्ध्या ताटावर धरलंच नाही. जिवंत वस्तू विकणाऱ्याने उन्हाळ्यात ती कशी पाठवायची याचा विचार करायलाच हवा. तुमच्यापैकी कुणी मागवणार असाल तर दिवाळीनंतर, आणि आलं की लगेच फ्रीजमध्ये.

पानांचं प्रकरण या वेळचं सगळ्यांत गोड. प्लास्टिकच्या पिशवीला सुईने दर सेंटिमीटरवर भोकं पाडून कंटाळलो होतो. भोकांपाशी हवा जास्त मिळते, तिथे बुरशी बीजाणू धरते आणि काळे ठिपके उठतात. त्याने अपाय नाही, पण वडी गबाळी दिसते. जावामध्ये केळीच्या पानात किंवा सागाच्या पानात बांधतात. साग आपल्याकडे जंगलभर, पण उन्हाळ्यात झाड उघडं. मग नजर पळसाकडे गेली. होळीला फुलं झडली, आता नवी पानं भरून आलीत. इतवारीत पत्रावळीवाल्या मावशींना ताजी पानं मागितली तर म्हणाल्या, 'वाळलेली न्या ना, टिकतात.' समजावून सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी टोपलीभर आणून दिली, वर चोयाही दिल्या टाचायला. पळसाला पानं तीनच, पण एकेक पान पुरेसं रुंद आणि चिवट. दोन पानं एकमेकांवर आडवी, मध्ये डाळ, चार बाजूंनी दुमडून चोय. पानाची खालची बाजू मऊ लवदार असते, ती आत ठेवली. तिथे जाळं असं काही धरलं की पान सोलताना हलका चरचर आवाज येतो आणि लव वडीवर शिरांची नक्षी ठेवून जाते. केळीच्या पानातल्या वडीला ओल जास्त राहिली, पळसातली नेमकी.

लिहिता लिहिताच डोक्यात आलं. जावामध्ये जुन्या रीतीत विरजण पाकिटातून येत नसे. समुद्रकाठच्या वारू नावाच्या झाडाच्या, म्हणजे जास्वंदीच्याच कुळातल्या झाडाच्या लवदार पानांवर टेंपेची बुरशी चढवत, ती पानं वाळवून ठेवत आणि पुढच्या खेपेला तीच डाळीवर चोळत. उसार म्हणतात त्याला. मग पळसाच्या पानाची लव तेच काम का करणार नाही? म्हणजे पुढचा बेत बदलला. मी हरभऱ्याची डाळ घेऊन टेंपे करणार होतो, ते मागे पडलं. आता एका चांगल्या वडीवर पळसाची पानं दाबून, बीजाणू धरेपर्यंत ठेवून, सावलीत वाळवायची. एक ताट त्या पानांच्या विरजणाचं, एक ताट शिल्लक पाकिटाचं, एकाच दिवशी, शेजारी शेजारी. रंग, वास, आतला आकडा तिन्ही जुळले तरच पुढे जायचं. गुलाबी, नारिंगी, हिरवा कुठलाही रंग दिसला तर ताट सरळ बाहेर.

नारळाच्या चोथ्याचं टेंपे करून बघू का, असं दोघांनी विचारलं होतं. करू नका. जावातल्या बान्यूमासकडे ते होत असे, बोंग्क्रेक म्हणून. नारळाच्या चोथ्यावर बुर्खोल्डेरिया नावाचा जिवाणू वाढला की बोंग्क्रेकिक आम्ल तयार होतं, शिजवून ते जात नाही. माणसं दगावली आहेत, इंडोनेशियात त्यावर बंदी आहे. या एका बाबतीत प्रयोग नको.

पहिल्या चांगल्या वडीचं बाचेम केलं, जावातल्या योग्याकार्ता भागातली रीत. शहाळ्याच्या पाण्यात धने, लसूण, छोटे कांदे, चिंच आणि ताडगूळ. ताडगूळ खादी भांडारात मिळाला, साध्या गुळापेक्षा त्याचा धुरकट गोडवा इथे हवाच. त्यात लागणारं गलांगल, म्हणजे आल्याच्या कुळातला कंद, ताजं मिळत नाही, पण काष्ठौषधीच्या दुकानात कुलिंजन मिळतं, तेच हे, फक्त वाळलेलं. रात्रभर भिजवून एक बोटभर तुकडा पुरे, जास्त घातलं तर काढ्याची चव येते. सालाम नावाच्या इंडोनेशियन पानाऐवजी तमालपत्र घाला असं लिहिलेलं सापडतं, मी घालत नाही, चव दुसरीकडेच जाते. पाणी आटेपर्यंत मंद आचेवर, मग थोड्या तेलात परतायचं. ताडगूळ कडेला जळून काळसर होतो तो भाग सगळ्यांत चांगला. आईने वडी पानातून काढताना पाहिली तेव्हा म्हणाली होती, 'बुरशी लागलेलं कोणी खाते का रे?' जेवताना तिसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि भाकरीबरोबर सावजी रश्श्यातही घालून बघ म्हणाली. बघणार आहे. त्या रश्श्यात टिकेल इतकी घट्ट वडी आत्ता कुठे हाती आली आहे.

एक गोष्ट मनाला लागून राहते. इंडोनेशियाला टेंपेसाठी लागणारं सोयाबीन मोठ्या प्रमाणात बाहेरून, मुख्यतः अमेरिकेतून घ्यावं लागतं. आपल्याकडे दिवाळीच्या आधी कळमन्याच्या धान्यबाजारात सोयाबीनचे डोंगर लागतात आणि जवळजवळ सगळं तेलाला आणि ढेपेला जातं. शेतात पिकतं, ताटात येत नाही. ऑक्टोबरात नवं सोयाबीन आलं की जुन्याशी तुलना करायची आहे, सालं सुटणं आणि शिजणं दोन्हींत फरक पडेल असं वाटतं.

त्याआधी घाई आहे. कूलरची ही सोय फार दिवसांची नाही. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सर्वांत तापते नऊ दिवस, संपून हवेत दमटपणा आला की कूलर गारवा द्यायचं थांबवतो, आणि मग रात्रीचा 27 चा आकडा मिळणार नाही. तेवढ्यात पळसाच्या विरजणाचं ताट उरकायचं. पाऊस बसला की हवा जावासारखी होईल आणि सागालाही पानं येतील. रामटेक किंवा देवलापारकडून कुणी येणार असेल तर जुलैत सागाची पूर्ण वाढलेली पानं आणा, कोवळी नकोत, ती चुरगळली की लाल रंग सोडतात. बदल्यात पळसाच्या पानातल्या दोन वड्या माझ्याकडून, आतला कमाल आकडा चिठ्ठीवर लिहून.