आमची वाटचाल : चौथ्या पळणाऱ्यासाठी

क्रॉसकंट्रीत, म्हणजे ट्रॅक सोडून माळरानावर पळायच्या लांब शर्यतीत, संघाचा निकाल कसा लागतो हे पालकांना समजावताना मला आजही हुरूप येतो. जागतिक स्पर्धेत एका देशाचे सहा जण पळतात आणि त्यांतल्या पहिल्या चौघांचे क्रमांक बेरजेला धरतात. बेरीज सर्वांत कमी तो संघ वर. पहिला गडी कितीही पुढे निघून गेला तरी त्याचा क्रमांक एकच. पण चौथा साठाव्यावरून चाळिसाव्यावर आला की संघाचे वीस गुण वाचतात. साताऱ्यातलं आमचं प्रशिक्षण केंद्र या हिशेबावर उभं आहे.

सुरुवात २०१३ ची. मी विद्यापीठाच्या संघातून पळालेला, बायको शारीरिक शिक्षणाची पदवीधर. आदल्याच वर्षी साताऱ्यात हिल मॅरेथॉन सुरू झाली होती आणि यवतेश्वरचा घाट पळत चढायला शिकवा म्हणून डॉक्टर, वकील, बँकेतली माणसं विचारू लागली होती. त्यांच्या फीवर आमचा पहिला खर्च निघाला. मग भरतीची तुकडी आली. पोलीस भरतीला मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. या दोन तुकड्यांवर घर चालतं आणि त्यांच्याच जोरावर क्रॉसकंट्रीची मुलं निम्म्या फीत शिकतात. मोठ्यांच्या तुकडीला हे आम्ही प्रवेशावेळीच सांगतो. त्यावरून कुणी परत गेलेलं नाही, याचा आम्हाला अभिमान आहे.

या खेळाला तांबडा ट्रॅक उपयोगाचा नाही. गवत, माती, चढउतार आणि दीड-दोन किलोमीटरचा फेरा लागतो. शहराबाहेरचा एक माळ आम्ही खंडाने घेतला. मधोमध मुरमाचा चढ, खाली ओढा, पलीकडे नांगरलेलं रान. पावसानंतर गवत वाळलं की कुसळं मोज्यांत घुसून पाय सोलतात, म्हणून दसऱ्याच्या आसपास फेऱ्यापुरतं गवत कापून घेतो. ते मालकाच्या जनावरांना जातं.

पावसाळा म्हणजे पाया. बोलता येईल इतक्याच दमाने सावकाश पळायचं, घड्याळ काढून ठेवायचं. बुटाला चिखल चिकटून पाय जड झाला की लांब टांगा टाकायची सवय आपोआप सुटते. गणपती गेले की अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर चढाचे छोटे तुकडे सुरू होतात. चढ सगळेच शिकवतात. माझ्या मते खरी शर्यत उतारावर हरली जाते. पोरं घाबरून अंग मागे टाकतात, टाच रोवत उतरतात, मांड्या भरून येतात आणि पुढच्या चढाला पायात जीव उरत नाही. म्हणून आमच्याकडे उताराचा वेगळा दिवस असतो : पावलं छोटी, हात तोलासाठी थोडे बाहेर, नजर चार-पाच पावलं पुढे. सुरुवातीचाही सराव घेतो. रुंद रेषेवरून सगळे एकदम सुटतात आणि थोड्याच अंतरावर वाट अरुंद होते. तिथे मागे अडकलं की वाट काढण्यातच दम संपतो.

२०१६ मध्ये माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाली. तोवर मुली पाठवा म्हणून आम्ही गावोगाव विनवत होतो. त्यानंतर वडील स्वतः मुलीला घेऊन यायला लागले. मुलींचं काम वाढलं तसं बायकोने एक नियम केला : प्रवेशाआधी हिमोग्लोबिनची तपासणी. रक्त कमी असेल तर आधी डॉक्टर आणि आहार, मग जोराचा सराव. एखादी मुलगी सारखी मागे पडते तेव्हा तिला आळशी म्हणणं सोपं असतं, आणि पुष्कळदा ते साफ खोटं असतं. नाचणीची भाकरी, मोडाची मटकी, गूळ-शेंगदाणे यांबद्दल बायको आयांशी तासन्‌तास बोलते.

भरतीवाल्यांशी मात्र आजही वाद होतो. तीन महिन्यांत सोळाशे मीटर काढून द्या, माळावर कशाला घालवता वेळ, असं ते विचारतात. मी त्यांना अविनाश साबळेचं उदाहरण देतो. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा लष्करात गेल्यावर क्रॉसकंट्रीतून घडला, आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्य ८ मिनिटं ११.२० सेकंदांत घेऊन आला. माळावर कमावलेला दम कुठल्याही अंतराला उपयोगी पडतो.

२०२० च्या टाळेबंदीत केंद्र बंद पडलं. मुलं आपापल्या शिवारात पळायची आणि फोनवर कळवायची. मोठ्यांच्या तुकडीतल्या बऱ्याच जणांनी वर्ग नसतानाही फी भरली. माळाचा खंड त्यातून गेला, नाहीतर जागा हातची जात होती.

आता आमच्याकडे शिकलेलेच दोघे पगारावर शिकवतात. दोघांपैकी कुणीही संघात पहिला नव्हता. मागच्याला पुढे कसं आणायचं हे त्यांना बरोबर कळतं. यंदा जूनपासून चौदा वर्षांखालच्या मुलामुलींची तुकडी सुरू करतोय. त्यांना लांब अंतर नाही, फक्त खेळ, अनवाणी गवतावर पळणं आणि ओढ्यावरून उड्या. बुटांची घाई करू नका, एवढं पालकांना सांगणं आहे. कुठले घ्यायचे ते माळावर बघून ठरवू.