ट्रोलिंग अपडेट: सराव दिवाळ्याच्या खाडीत, डोळा लेक मिशिगनवर

मंडळी, पावसाळी बंदी लागलीये, १ जून ते ३१ जुलै इंजिनाच्या होड्या किनाऱ्यावर, म्हणून या सीझनला जे काही जमलं ते आता निवांत लिहून काढतोय. नवीन लोकांसाठी थोडक्यात: ट्रोलिंग म्हणजे चालत्या होडीमागे आमिष ओढत मासे पकडणं. मी नेरुळला राहतो, माझा मावसभाऊ अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या रेसीनला, मिलवॉकीच्या खाली, अगदी लेक मिशिगनच्या काठावर. त्याची २१ फुटी बोट आहे. ऑगस्टच्या शेवटी परत त्याच्याकडे चाललोय सालमन आणि ट्राउटसाठी, आणि या खेपेला बोटीवर रॉड लावायचं काम माझ्याकडे आहे.

इथे ना सालमन ना ट्राउट, मग सराव कसला, असं ऑफिसमध्ये सगळे विचारतात. सराव दोनच गोष्टींचा, ल्यूर (खोटं आमिष) नक्की किती खोल चाललाय आणि तिथल्या पाण्यात नक्की किती वेगाने चाललाय. बाकी रंग, ब्रँड, महागडा रॉड या गप्पा मला आवडतात पण त्या नंतर.

खोलीचं असं आहे की लेक मिशिगन सगळ्यात खोल जागी २८१ मीटर आहे. उन्हाळ्यात वरचं पाणी वीस डिग्रीच्या पुढे जातं, पार खाली चार-पाच डिग्री, आणि मध्ये एक थर असतो जिथे काही मीटरमध्ये तापमान झपकन पडतं, तो थर्मोक्लाइन. चिनूक आणि कोहो (दोन्ही सालमनच्या जाती) साधारण १० ते १३ डिग्रीच्या पाण्यात, स्टीलहेड (ट्राउटचीच एक जात) जरा वर गरम पाण्यात, लेक ट्राउट सगळ्यांच्या खाली थंडगार तळाशी. आणि हा थर एका जागी राहत नाही. रेसीनच्या बाजूला, म्हणजे पश्चिम काठावर, पश्चिमेचा वारा दोन-तीन दिवस सलग वाहिला की वरचं गरम पाणी आत ढकललं जातं, खालून थंड पाणी काठाशी वर येतं आणि सालमन बंदराच्या तोंडापर्यंत येतो. पूर्वेचा वारा लागला की उलटं, गरम पाणी काठावर साठतं आणि थर खाली दबतो. म्हणजे काल २० मीटरवर मासा मिळाला म्हणून आज तिथेच ल्यूर ठेवला तर दिवस फुकट जाऊ शकतो.

चिनूक आणि कोहो दोघंही तिथले मूळ मासे नाहीत हे मला भावाने सांगेपर्यंत माहीत नव्हतं. मूळ शिकारी मासा लेक ट्राउट, तो समुद्री लॅम्प्रेने (दुसऱ्या माशांना चिकटून रक्त शोषणारा ईलसारखा जीव) जवळपास संपवला, मग एलवाइफ नावाचा छोटा मासा बेसुमार वाढला, आणि तो खायला म्हणून मिशिगन राज्याचे तेव्हाचे मत्स्यविभाग प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी पॅसिफिककडचा कोहो आणला, १९६६ मध्ये मिशिगन राज्यातल्या प्लॅट नदीत सोडला, पुढच्या वर्षी चिनूक. या माणसाबद्दल मला फार आदर आहे, अख्खा छंद त्याच्यामुळे उभा राहिला. आणि याचा उपयोग असा की सालमन आजही एलवाइफच्याच मागे असतो, त्यामुळे सोनारवर आधी एलवाइफचे ढग शोधायचे, मोठ्या कमानी, म्हणजे मोठे मासे, आपोआप आसपास दिसतात.

आता वेगाकडे येतो, कारण या सीझनची खरी कमाई तीच. गेल्या वर्षी भावाच्या बोटीवर एक सकाळ अशी गेली की उत्तरेकडे जाताना रॉड ढिम्म, आणि वळून दक्षिणेकडे निघालो की लगेच मासा. तेच ल्यूर, तीच खोली, जीपीएसवर तोच ताशी ४ किलोमीटर. भाऊ म्हणाला, "दादा, खाली करंट आहे, म्हणून एकाच बाजूला चालतंय." ते ऐकलं पण हाताला कळलं नव्हतं. ते कळलं दिवाळ्यात.

बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात एका ओळखीच्या नाखवा काकांची छोटी फायबरची होडी आहे. सुट्टीच्या दिवशी डिझेलचे आणि वर त्यांचे पैसे देऊन आम्ही खाली न्हाव्याच्या अंगाला जायचो. वर वाशी-ऐरोलीकडे फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिकडे आपण जायचंच नाही, आणि डोल जाळ्यांपासून (प्रवाहात एका जागी बांधून ठेवलेली जाळी) आणि जेएनपीटीच्या जहाजांच्या रस्त्यापासूनही लांब राहायचं, हे काकांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं. आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीचा फरक चार मीटरच्या वर जातो, म्हणजे पाणी नुसतं वर-खाली होत नाही, धावतं. ओहोटीच्या जोरात मी एकच स्पून (चमच्याच्या आकाराचा धातूचा ल्यूर) मागे सोडला, जीपीएसवर ४ ठेवले, आधी पाण्याच्या दिशेने आणि मग पाण्याच्या विरुद्ध. पाण्याबरोबर जाताना रॉडचं टोक जवळपास मेलेलं, स्पून नुसता लोंबकळत येतोय. विरुद्ध वळलो आणि तेच टोक थरथरायला लागलं, स्पून डुलायचा सोडून गरगर फिरत होता, लाइनला पीळ पडायला लागला. स्क्रीनवर आकडा दोन्ही वेळा चार! पाणी ताशी दोनने धावत असेल तर एका बाजूला ल्यूरचा खरा वेग दोन आणि दुसऱ्या बाजूला सहा. चिनूकसाठी साडेतीन ते साडेचार हवा, म्हणजे दोन्हीकडे आपण बाहेर.

पण याच्याही पुढची गोष्ट काकांनी दाखवली. पाणी फिरायच्या वेळी म्हणाले, "वरचं पानी आन खालचं पानी येक नसतं रं, खालचं आधी फिरतं." त्यांना हे जाळ्याच्या ताणावरून वर्षानुवर्षं माहीत आहे. मी शिशाचं वजन बांधून दोरी सोडून बघितली, खरंच, वर कचरा अजून समुद्राकडे वाहतोय आणि खाली दोरी उलट्या बाजूला तिरकी व्हायला लागली. मिशिगनमध्ये भरती-ओहोटी म्हणावी अशी नसते, पण वाऱ्यामुळे आणि थरांमुळे तिथेही वरचं आणि खालचं पाणी वेगवेगळ्या दिशेला चालतं, आणि तिथे आपण ल्यूर वीस-तीस मीटर खाली ओढतो. म्हणून तिकडचे जाणते लोक डाउनरिगरच्या (केबलला जड गोळा लावून लाइन खोल नेणारं यंत्र) गोळ्यावर प्रोब लावतात, तो खालचा वेग आणि तापमान दोन्ही वर पाठवतो. भावाकडे प्रोब नाही, महाग आहे. त्यामुळे मी आता रॉडच्या टोकाची लय बघायची सवय करतोय. प्रत्येक स्पूनची बरोबर वेगातली एक लय असते, ती होडीच्या बाजूला डोळ्यांनी बघून लक्षात ठेवायची आणि मग खोल सोडल्यावर टोकावर तीच लय येईपर्यंत थ्रॉटल कमी-जास्त करायचा, स्क्रीनवरचा आकडा काही का असेना. उथळ खाडीत हे छान जमायला लागलंय. डाउनरिगरवर मात्र लाइन क्लिपमध्ये अडकलेली असल्याने लय दबते, तिथे केबलचा कोन बघणं जास्त कामाचं.

केबलच्या कोनाचा हिशोबही सांगतो. काउंटर सांगतो ३० मीटर केबल बाहेर आहे, पण गोळा मागे ओढला जातो. केबल उभ्या रेषेपासून ३० डिग्री तिरकी असेल तर गोळा साधारण २६ मीटरवर असतो. चार मीटरचा फरक म्हणजे कधीकधी अख्खा थर्मोक्लाइन चुकला. साडेपाच किलोचा गोळा पाच किलोच्या गोळ्यापेक्षा कमी मागे जातो, भावाला तोच घ्यायला लावलाय.

लेड कोअरचं काम पण झालं. आत शिशाची तार असलेली ही लाइन, दर १० यार्डाला म्हणजे ९ मीटरला रंग बदलतो. ढोबळ नियम असा की नेहमीच्या वेगाला एका रंगामागे दीड मीटर खोली, हळू गेलात तर जास्त. तीन रंग सोडून काकांना हळूहळू उथळ पाण्याकडे होडी घ्यायला सांगितली, ल्यूर चिखलाला लागला की टोकाची लय एकदम बसते, त्या क्षणी सोनारवरची खोली वाचायची. साडेचारच्या आसपासच लागला, नियम खरा आहे. वेग कमी केला की लगेच खाली बसतो, आणि वळणावर आतल्या बाजूचा रॉड खाली जातो, बाहेरचा वर उचलला जातो. म्हणून वळताना मासा कुठल्या रॉडला लागला ते लिहून ठेवायचं, त्यावरून कळतं त्याला हळू हवंय की जोरात.

डिप्सी डायव्हर, म्हणजे लाइनवर लावायची चकती, उलट्या पतंगासारखा ओढतो, खाली आणि बाजूला. डायल जितका वाढवाल तितका बाजूला जास्त, खाली कमी. खाडीत खोली पुरत नाही म्हणून त्याचा सराव अर्धाच राहिलाय.

मासे? न्हाव्याच्या बाजूला एक मध्यम जिताडा मिनोवर (छोट्या माशाच्या आकाराचा ल्यूर) आला, तो काकांच्या घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी मला कालवणाचा डबा आला.

बंदीच्या दिवसांत घरचं काम चालू आहे. लाइन काउंटर रीळ फक्त फेरे मोजतं, त्यामुळे स्पूल काठोकाठ भरलेला असेल तरच आकडा बरोबर येतो, अर्धा रिकामा असेल तर काउंटर जास्त दाखवतो आणि लाइन कमी गेलेली असते. सोसायटीच्या गच्चीवर टेप लावून प्रत्येक रीळ तपासलं, जिथे फरक आला तिथे खाली बॅकिंग (भरीची साधी लाइन) भरून स्पूल पूर्ण केला. पाऊस थांबला की उरलेली दोन रीळं करायची आहेत.

ऑगस्टचा प्लॅन असा. विस्कॉन्सिनमध्ये माणशी तीन लाइन चालतात, लायसन्स आणि वर ग्रेट लेक्सचा ट्राउट-सालमन स्टॅम्प लागतो. दोघं मिळून सहा रॉड: दोन डाउनरिगर, एक थर्मोक्लाइनच्या जरा वर आणि एक बरोबर त्यात, दोन डिप्सी फ्लॅशर-फ्लाय (चकाकणारी पट्टी आणि तिच्यामागे झुपकेदार ल्यूर) लावून, आणि बाजूला प्लॅनर बोर्डवर (लाइन बोटीपासून बाजूला नेणारी फळी) दोन लेड कोअर, पाच आणि दहा रंगांचे, त्यावर स्पून. ऑगस्ट संपता संपता मोठे चिनूक रूट रिव्हरच्या तोंडाशी जमायला लागतात, त्यामुळे पहाटे अंधारात बंदराजवळ उथळ सुरू करायचं आणि ऊन चढलं की बाहेर खोल जायचं. दुपारी लेक ट्राउट, तळाला लागून, वेग तीनच्या आसपास. आणि पहिला तास मासा लागो न लागो, चारही दिशांना एकेक फेरी मारून केबलचा कोन वहीत लिहायचा, हे भावाकडून कबूल करून घेतलंय.

तुमच्यापैकी कोणी ओंटारियो किंवा मिशिगनवर वायर लाइनवर (तारेची लाइन) डिप्सी चालवला असेल तर कुठल्या डायलला किती लाइन सोडून किती खोली मिळाली ते सांगा, माझ्या वहीत तेवढाच तक्ता रिकामा आहे.